दोनाचे पाच झाले म्हणजे गुन्हेगारी अडीच पट झाली का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

लहान बेटांवरच्या गुन्ह्यांचे आकडे कसे वाचायचे, याविषयी खान्देशातून बरीच पत्रं आली. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

माझा मुलगा बँकेत आहे, त्याची बदली लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर झाली. मोबाईलवर एक बातमी फिरतेय, 'बेटावर गंभीर गुन्हे अडीच पटींनी वाढले.' सुनेला आणि नातवाला सोबत पाठवावं की थांबवावं?
— एक आजी, पाचोरा

आजी, अशी बातमी आली की पहिला प्रश्न एकच विचारायचा: किती होते आणि किती झाले? 'अडीच पट' या शब्दाला स्वतःचं वजन नसतं. दोनाचे पाच झाले तरी अडीच पट आणि दोन हजारांचे पाच हजार झाले तरी अडीच पट. मिनिकॉयची लोकसंख्या साधारण दहा हजार आहे. एवढ्या वस्तीत गंभीर गुन्हे वर्षाला बोटांवर मोजण्याइतकेच असणार. म्हणून त्या बातमीमागे दोनाचे पाच असण्याचीच शक्यता जास्त.

आता दोनाचे पाच म्हणजे खरी वाढ की नुसता योगायोग, हे घरच्या घरी तपासता येतं. दोन्ही वर्षांच्या आकड्यांची बेरीज करा: ७. तिचं वर्गमूळ काढा: सुमारे २.६५. त्याची दुप्पट ५.३. आता दोन आकड्यांतला फरक बघा: ३. फरक त्या दुपटीपेक्षा कमी असेल तर 'वाढ झाली' म्हणायला आधार नाही. तोच हिशेब दोन हजार आणि पाच हजारांना लावा. बेरीज ७,०००, वर्गमूळ ८३.७, दुप्पट १६७ आणि फरक तीन हजार. तिथे काहीतरी नक्की बदललं आहे.

काहीही न बदलताही छोटे आकडे खूप हलतात. एखाद्या ठिकाणी वर्षात ५ गुन्हे नोंदले गेले, तर तिथली दीर्घकाळची सरासरी १.६ पासून ११.७ पर्यंत कुठेही असू शकते. नोंद १० असेल तर ४.८ ते १८.४ आणि १०० असेल तर ८१ ते १२२. शून्य नोंद असली तरी खरी सरासरी वर्षाला साडेतीनच्याही थोडी वर असू शकते. संख्याशास्त्रात या मर्यादा ९५ टक्के खात्रीच्या म्हणून वापरल्या जातात. आकडा लहान असेल तितका हा पट्टा त्या आकड्याच्या मानाने रुंद होतो.

सून आणि नातवाला त्या बातमीसाठी थांबवू नका. ठरवायचंच असेल तर उपयोगाच्या गोष्टी विचारा: बेटावर जायला परवाना लागतो तो कुटुंबासह कधी मिळेल, जहाज किती दिवसांनी आहे, पावसाळ्यात ये-जा कशी होते, दवाखान्यात काय सोय आहे. तिथे राहताना रोजच्या रोज याच गोष्टींशी गाठ पडते.

मी जळगावला पत्रकारिता शिकते. लक्षद्वीप आणि जळगाव जिल्हा यांचे 'दर लाख लोकसंख्येमागे गुन्हे' शेजारी-शेजारी मांडून तुलना केली. सरांनी ती नाकारली. चूक कुठे झाली?
— एक विद्यार्थिनी

सूत्र बरोबर आहे. भागाकार करण्याआधी भाजक किती मोठा आहे हे पाहायला हवं होतं. २०११ च्या जनगणनेत लक्षद्वीपची लोकसंख्या ६४,४७३ होती, म्हणजे शिरपूर शहरापेक्षाही कमी. जळगाव जिल्ह्याची होती ४२,२९,९१७. लक्षद्वीपमध्ये एक गुन्हा जास्त नोंदला की दर एकदम दीडने वर जातो. जळगावचा दर तेवढाच हलायला ६५-६६ गुन्हे लागतात. ढोबळ काट्याने आणि सोनाराच्या तराजूने केलेली वजनं एकाच रकान्यात लिहावीत, तशी ही तुलना झाली.

लक्षद्वीपमधल्या बित्रा बेटाची वस्ती त्या जनगणनेत २७१ होती. तिथे वर्षात एक चोरी झाली तर दर ३६९ होतो, पुढच्या वर्षी झाली नाही तर शून्य. ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीतल्या नॉरफोक बेटावर २००२ मध्ये एक खून झाला. लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास, म्हणजे त्या वर्षीचा खुनाचा दर लाखाला ५०. भारताचा २०२२ चा दर २.१ होता, एकूण २८,५२२ खून. नॉरफोक भारतापेक्षा चोवीस पट धोकादायक, असं या हिशेबातून कुणी काढलं तर भागाकार अचूक असूनही निष्कर्ष खोटाच राहील.

उलट बाजूची चूक जास्त वेळा होते. 'या बेटावर दहा वर्षांत एकही खून नाही, म्हणजे ते देशातलं सर्वांत सुरक्षित ठिकाण.' पाच हजार वस्तीचं बेट घ्या. भारताचा सरासरी दर लावला तरी तिथे साडेनऊ वर्षांतून एक खून अपेक्षित आहे. मग दहा वर्षं कोरी जाण्याची शक्यता ३५ टक्के निघते. म्हणजे देशाइतकीच हिंसा असलेल्या अशा बेटांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बेटांवर दहा वर्षांत खून दिसणारच नाही. शून्यासाठी एक सोपा नियम लक्षात ठेवा: ३ ला 'वर्षं गुणिले लोकसंख्या' ने भागा. ३ भागिले ५०,००० म्हणजे लाखाला ६. त्या दहा कोऱ्या वर्षांवरून एवढंच म्हणता येतं की खरा दर बहुधा ६ पेक्षा कमी आहे. २.१ पेक्षा कमी आहे, असं म्हणता येत नाही.

तुमचा तक्ता दुरुस्त करायचा तर या गोष्टी करा. लक्षद्वीपची सलग पाच वर्षं एकत्र घ्या, गुन्ह्यांची बेरीज करून ती पाच वर्षांच्या लोकसंख्येच्या बेरजेने भागा. दराशेजारी मूळ संख्या छापाच. वीसपेक्षा कमी नोंदी असतील तर दर न देता फक्त संख्या द्या. आणि शेजारी जळगाव जिल्हा न घेता तेवढ्याच वस्तीच्या तालुक्याच्या गावाचं पोलिस ठाणं घ्या, म्हणजे दोन्हीकडचं हेलकावणं सारखं राहील.

भाजकाबद्दल अजून एक. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग २०११ वरून पुढे काढलेली अंदाजित लोकसंख्या वापरतो. मोठ्या राज्यात त्या अंदाजातली चूक पचते, छोट्या बेटावर दरात उमटते. शिवाय भाजकात रहिवासीच असतात. पर्यटक, गलबतांवरचे खलाशी, बांधकामावरचे मजूर यांच्यावर किंवा त्यांच्याकडून घडलेला गुन्हा वर मोजला जातो, ती माणसं मात्र खाली मोजली जात नाहीत. व्हॅटिकनमध्ये काही शे रहिवासी आणि वर्षाला लाखो पर्यटक असतात, म्हणून पाकीटमारीचा माणशी दर जगात सर्वाधिक निघतो. आपल्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत गावाच्या वस्तीवर दर काढला तर हेच होईल. ऊसतोडीसाठी नंदुरबार-धुळ्याचे मजूर बारडोलीकडे जातात तेव्हा उलटं घडतं: कागदावरची लोकसंख्या तेवढीच राहते, गावात माणसं निम्मी.

मी ठाणे अंमलदार म्हणून निवृत्त झालो. मार्च २०२१ मध्ये मिनिकॉयजवळच्या समुद्रात श्रीलंकेची मासेमारी बोट पकडली, ३०० किलो हेरॉइन आणि पाच एके-४७ सापडल्या. असं प्रकरण बेटाच्या गुन्हेदरात धरायचं का?
— एक वाचक, धुळे

आप्पा, तुम्हाला हद्दीचा प्रश्न नव्याने सांगायला नको. ती बोट तटरक्षक दलाने केरळच्या विळिंजमला नेली. तपास अमली पदार्थ नियंत्रण विभागाने आणि नंतर राष्ट्रीय तपास यंत्रणेने केला. राज्यांच्या तक्त्यांत त्या त्या राज्याच्या किंवा केंद्रशासित प्रदेशाच्या पोलिसांनी नोंदवलेले गुन्हे येतात, केंद्रीय यंत्रणेने नोंदवलेला गुन्हा तिच्या खात्यावर राहतो. त्यामुळे समुद्रातली मोठी जप्ती बेटाच्या दरात दिसेलच असं नाही. दिसली तरी ती बेटावरच्या माणसांच्या वागण्याबद्दल काही सांगत नाही, फक्त त्या जलमार्गाबद्दल सांगते. भुसावळ स्टेशनवर बॅग चोरीला गेली की गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे नोंदला जातो आणि जिल्हा पोलिसांच्या आकड्यात येत नाही, तसंच हे.

याला जोडून तीन गोष्टी इतर वाचकांसाठी. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी मोजणीत सर्वांत जास्त शिक्षेचं कलमच धरलं जातं. खुनासोबत घरफोडी झाली तर तक्त्यात खून दिसतो, घरफोडी दिसत नाही. दुसरं, भारतीय दंड संहितेखालचे (१ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेखालचे) आणि विशेष व स्थानिक कायद्यांखालचे गुन्हे वेगळे मोजतात. लक्षद्वीपमध्ये १९७९ पासून दारूबंदीचा नियम आहे. तिथल्या एकूण आकड्यात दारूच्या केसेस वाढल्या तर पोलिसांनी धाडी वाढवल्या, एवढंच त्यातून कळतं. आपल्याकडे हातभट्टीवर मोहीम निघाली की महिन्याचा तक्ता असाच फुगतो.

तिसरं उदाहरण सर्वांत मोठं आहे. २०२० मध्ये देशातले एकूण दखलपात्र गुन्हे (ज्यांचा तपास पोलिस कोर्टाच्या आदेशाशिवाय करू शकतात असे) सुमारे ५१.५ लाखांवरून ६६ लाखांवर गेले. पण लोक टाळेबंदीत घरात होते. वाढीचा मोठा वाटा कलम १८८ चा, म्हणजे सरकारी आदेश न पाळण्याचा: २९,४६९ वरून ६,१२,१७९. म्हणून 'एकूण गुन्हे' या ओळीवरून कोणत्याही बेटाबद्दल किंवा तालुक्याबद्दल मत बनवू नये. खून, दुखापत, घरफोडी, वाहनचोरी या ओळी वेगवेगळ्या वाचाव्यात.

नर्मदेच्या फुगवट्यामुळे आमचे काही पाडे बेटासारखे झालेत, बोटीशिवाय जाता येत नाही. वर्षानुवर्षं एकही गुन्हा नोंद नाही. माणसं भली म्हणून, की ठाणं लांब म्हणून?
— एक आरोग्यसेवक, धडगाव

बेटांचे आकडे वाचताना सर्वांत जपून वाचायची जागा हीच, म्हणून उत्तर थोडं लांबेल.

घटना घडल्यापासून ती तक्त्यात येईपर्यंत बरेच उंबरठे ओलांडावे लागतात. हा गुन्हा आहे, हे त्या माणसाला कळलं पाहिजे. त्याने तो कुणाला तरी सांगितला पाहिजे. घरच्यांनी अडवता कामा नये. बोटभाडं आणि एका दिवसाची मजुरी सोडून ठाण्यापर्यंत पोचलं पाहिजे. तिथे पोचल्यावर अदखलपात्र म्हणून एनसी (तपासाविना नुसती नोंद) न लिहिता एफआयआर नोंदला गेला पाहिजे. पाड्यावर बरेच तंटे पंच मिटवतात, दोन्ही बाजू ऐकून भरपाई ठरवतात. शेताच्या बांधाचं भांडण तिथे मिटलं तर चांगलंच. पण बाईवरच्या किंवा मुलावरच्या अत्याचारात पंचांपुढे बोलायला पीडित व्यक्ती मोकळी नसते आणि आरोपी बहुतेक वेळा नात्यातला किंवा वजनदार असतो. लहान टापूवर फिर्याद दिली की उद्या पाणी, बोट, दुकान सगळं त्याच लोकांकडून घ्यायचं असतं. माणसं गप्प राहतात.

पॅसिफिक महासागरातल्या पिटकेर्न या ब्रिटिश बेटाचं उदाहरण जगाला माहीत आहे. लोकसंख्या पन्नासच्याही खाली. अनेक दशकं ते शांत, गुन्हेमुक्त बेट म्हणून ओळखलं गेलं. १९९९ मध्ये बाहेरून आलेल्या एका महिला पोलिस अधिकाऱ्याच्या मुक्कामात मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी बाहेर आल्या. २००४ मध्ये बेटावरच्या सात पुरुषांवर खटला चालला, सहा दोषी ठरले, आणि काही गुन्हे कित्येक दशकांपूर्वीचे होते. नोंदीच्या आलेखात तिथे आधी सपाट शून्य दिसेल आणि मग आभाळाला भिडणारी रेघ. मुली सर्वांत असुरक्षित होत्या त्या वर्षांत आकडा शून्य होता, आणि तो वाढला तेव्हा त्यांना पहिल्यांदा न्याय मिळत होता.

तुम्ही आरोग्य खात्यात आहात, म्हणून तपासायची साधनं तुमच्या हाताशी आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातली मेडिको-लीगल नोंदवही काढा: मारहाणीच्या जखमा, भाजणं, विषबाधा, अल्पवयीन गरोदरपणा. त्याच काळातल्या अकस्मात मृत्यूच्या नोंदी आणि बेपत्ता व्यक्तींच्या नोंदी पोलिस ठाण्यात विचारा. बुडून मृत्यू, विहिरीत किंवा कड्यावरून पडून मृत्यू हे एडी (अकस्मात मृत्यू) म्हणून बंद होतात. त्यातले बहुतेक खरंच अपघात असतात, पण एकाच टापूवर, एकाच वयाच्या बायकांचे असे मृत्यू पुन्हा पुन्हा दिसले तर ते तालुका वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे लेखी मांडा. दवाखान्यात मारहाणीच्या वीस जखमा आणि ठाण्यात दुखापतीचा एकही गुन्हा नाही, असं निघालं तर नोंदच होत नाही हे सिद्ध झालं. दोन्हीकडे खरोखर काही नसेल तर पाडा शांत आहे, आणि तेही आनंदाने मान्य करावं.

लोकांना सांगण्यासारखं कायद्यात बरंच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद हद्द न बघता कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ठाण्याने नोंदवायला नकार दिला तर पोलिस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येतं, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या, गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणं हा स्वतःच गुन्हा आहे आणि पंचांनी मिटवलं म्हणून तो मिटत नाही.

असं काम सुरू केलंत की पुढच्या वर्षी तुमच्या टापूचा आकडा वाढेल. नोंद वाढणं आणि गुन्हे वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे गुन्हे नोंद विभाग स्वतःच्या अहवालातही सांगतो. वाढलेल्या आकड्यासाठी कुणी तुमच्याकडे बोट दाखवलं तर दवाखान्यातल्या नोंदी आधी किती होत्या आणि आता किती आहेत, ते दाखवा. त्या स्थिर असतील तर वाढ नोंदीतली आहे.

केळीच्या बागांतून केबल आणि मोटारी चोरीला जातात. ठाण्याच्या आकड्यात मात्र मोटारसायकल चोरीच मोठी दिसते. असं का?
— एक ग्रामपंचायत सदस्य, रावेर तालुका

विम्यामुळे. मोटारसायकल गेली तर दावा मंजूर व्हायला एफआयआर लागतो, म्हणून जवळजवळ प्रत्येक चोरी नोंदली जाते. केबलचा विमा नसतो. शेतकरी नवी केबल टाकून पाणी सुरू करतो, कारण चार दिवस थांबला तर बाग वाळते. बेटांवरही हेच दिसतं: बोटीचं इंजिन गेलं तर तक्रार होते, जाळं गेलं तर होत नाही. म्हणून दोन वर्षांची किंवा दोन गावांची तुलना वाहनचोरीवरून करा, ती ओळ सर्वांत विश्वासाची. मोबाईल गेला तर 'चोरी' ऐवजी 'गहाळ' लिहिला जातो का, तेही बघा. तसं होत असेल तर चोरीची ओळ कोरीच राहते.

ग्रामपंचायतीत एक साधी वही ठेवा. गट नंबर, वस्तू शेवटची कधी पाहिली आणि गेल्याचं कधी कळलं, केबल किती फूट, किंमत, ठाण्यात कळवलं की नाही आणि गुन्हा रजिस्टर नंबर. पाच हजार रुपयांखालच्या चोरीत आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने ऐवज परत केला, तर नव्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आहे आणि असा गुन्हा अदखलपात्र धरला आहे. त्यामुळे २०२४ च्या आधीचे आणि नंतरचे किरकोळ चोरीचे आकडे थेट जोडू नका.

वही वाचताना तारखा बघा. पंधरा दिवसांत बारा चोऱ्या आणि मग दोन महिने काही नाही, असं असेल तर तो बहुधा एकाच टोळीचा फेरा आहे. पहिल्या उत्तरात दिलेला वर्गमुळाचा हिशेब घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून चालतो, अशा झुबक्याला तो लावायचा नाही. झुबका एक धरा आणि मग वर्षांची तुलना करा. आणि वर्षअखेरीस ठाण्यात विचारा की किती गुन्ह्यांत दोषारोपपत्र गेलं आणि किती 'अ' समरी झाले, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. केबलचोरीत 'अ' समरीचं प्रमाण जास्त असेल तर रात्रीची गस्त आणि भंगारवाल्यांच्या खरेदीच्या नोंदी तपासण्याची मागणी ठरावाने करा.

आमच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी गावनिहाय गुन्ह्यांचा तक्ता केला. शाळेच्या अंकात छापू का?
— एक शिक्षिका, तळोदा

ताई, आहे तसा छापू नका. सातशे वस्तीच्या गावापुढे लैंगिक गुन्ह्याच्या रकान्यात '१' आलं की नाव न छापताही सगळ्या पंचक्रोशीला ती मुलगी कळते. पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, बालकांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ लागतं. गावं एकत्र करून तालुका करा, पाच वर्षं एकत्र करा, पाचपेक्षा कमी असलेल्या प्रत्येक घरात 'पाचपेक्षा कमी' एवढंच लिहा. मग बेरजेची ओळही तपासा, कारण एकूण आकड्यातून बाकीचे वजा केले की झाकलेला आकडा बाहेर येतो. तो येत असेल तर दुसरंही एक घर झाका. विद्यार्थ्यांच्या वह्यांतला मूळ तक्ता परत घेऊन मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात ठेवा आणि त्याचे मोबाईलवर काढलेले फोटो पुसायला सांगा.